घराण्याचा रकाना

मी पाच नंबर. शाहूपुरीतल्या आण्णांच्या टंकलेखन वर्गात खिडकीजवळच्या मेजावर बसलेले मराठी यंत्र, ते मीच. इतकी वर्षे मी दुसऱ्यांचे म्हणणे कागदावर उतरवले. अर्ज, नोटिसा, लग्नपत्रिकांचे मसुदे, एका सद्गृहस्थांचे अपुरे राहिलेले मृत्युपत्र. आज स्वतःचे सांगावयाचे आहे. सांगताना समास सोडीन, शुद्धलेखन सांभाळीन आणि खोटे बोलणार नाही. जे सांगणार आहे ते मला भूषणावह नाही, हे आधीच नमूद केलेले बरे.

राज्याचा कारभार मराठीतून चालवावयाचा असे ठरले, त्या सुमारास मुंबईकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या शेजारच्या ओळीत इंग्रजी यंत्रे तयार होत होती. त्यांचे बरे असते. एक कळ दाबली की एक अक्षर उमटते. आमच्याकडे साधा 'ण' उमटवावयाचा तर आधी अर्धा ण मारावा लागतो आणि मग त्याला काना द्यावा लागतो. त्यामुळे आमच्या स्वभावात थोडी शिस्त जन्मतःच येते. लोक तिला खडूसपणा म्हणतात. म्हणोत.

आण्णा जुने मॅट्रिक. त्यांच्या वर्गात पाच यंत्रे, पाच मेजे आणि एक लाकडी पट्टी होती. पट्टीने ते कोणाला मारीत नसत, तिने मेजावर ठोके देऊन ते मुलांची बोटे एका गतीने चालवीत. खालच्या मजल्यावर गुळाची अडत होती. तिचा गोड, उष्ण वास जिन्यावरून वर येई आणि त्याच्यामागून मुंगळे येत. आण्णा मुंगळ्यांना कागदाच्या घडीवर घेऊन खिडकीबाहेर सोडीत आणि त्याच हळुवारपणे विद्यार्थ्यांच्या चुका सांगत.

त्यांचा एक नियम मात्र त्यांनी वेदवाक्यासारखा पाळला. वर्गातून बाहेर जाणाऱ्या कोणत्याही अर्जात रकाना रिकामा असता कामा नये. "छापणाऱ्याने काहीतरी विचारले आहे," ते म्हणत. "उत्तर न देणे हा उद्धटपणा आहे. सांगण्यासारखे काही नसेल तर 'निरंक' लिहा." या नियमाचे पुढे काय झाले ते सांगण्यासाठीच हे आत्मवृत्त आहे.

१९७८ च्या जूनमध्ये सलिमा आली. सडपातळ, सावळी, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. मागे तिचे वडील निसार उभे होते. ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवीत. लग्नसराईत त्यांना दिवस पुरत नसे आणि पावसाळ्यात दिवस सरत नसे.

"शिक्षण?" आण्णांनी विचारले.

"अकरावी झालो. आता बारावीला बसणार."

"'झाले' म्हणावे. मुलगी आहेस ना तू?"

"व्हय की. झालो म्हणून तर आलो."

कोल्हापूरच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असेच बोलतात. आण्णा हे तीस वर्षे सुधारीत आले होते आणि कोल्हापूर तीस वर्षे त्यांना न दुखावता तसेच बोलत आले होते. निसार हसून म्हणाले, "मास्तर, तिची आई बी असंच बोलत हुती. आता तुमच्या हवाली. बोटं तरी सुधरा."

तिची बोटे सुधारण्याची काही गरज नव्हती. पहिल्याच आठवड्यात ती कळफलकावर टॉवेल टाकून, खाली न पाहता लिहू लागली. इतर मुले माझ्यावर लाकूड फोडल्यासारखी बोटे आपटीत. तिचा ठोका नेमका, हलका आणि एकसारखा पडे. महिनाभराने माझ्या लक्षात आले की तो नुसता एकसारखा नव्हता. त्यात काहीतरी मोजलेले होते. आण्णांच्याही लक्षात आले.

"हे काय चालवले आहेस?"

"तीनताल," ती जरा लाजून म्हणाली. "एका ओळीत चौसष्ट ठोके बसतील असा समास लावलाय, आण्णा. सोळा-सोळाची चार आवर्तनं. घंटी झाली की दांडी ओढायची, आन् नव्या ओळीचं पहिलं अक्षर समेवर."

आण्णांनी कागद उचलून पाहिला. एकही चूक नव्हती. "चालू दे," एवढेच ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून तिच्या तासाला त्यांनी पट्टी वाजवणे बंद केले.

मला जे वाटले ते कसे सांगावे? बारा-तेरा वर्षे मी ठोके खाल्ले होते. कोणी मला वाजवले नव्हते. मी स्वतःला तिचे वाद्य समजू लागले. सायंकाळी रेक्झिनचे आवरण अंगावर पडले की मी मनातल्या मनात सोळापर्यंत मोजीत असे. मी एक शिस्तप्रिय यंत्र, पण तिच्या तासाला उशीर झाला की माझी घंटी उगाच बारीक थरथरे.

मग तो आला.

जानेवारीचा महिना होता. सलिमा चिमणाबाईंकडे गाणे शिकत असे, हे तोवर मला ठाऊक नव्हते. चिमणाबाई म्हणजे पूर्वी संगीत नाटकांतून कामे केलेल्या, आता घरी शिकवण्या घेणाऱ्या बाई. त्यांनी आपला तंबोरा सलिमाला वापरायला दिला होता. निसारांनी तो मिरजेहून दुरुस्त करून आणला आणि एस. टी. स्टँडवरून थेट वर्गात आणून ठेवला, कारण त्यांना संध्याकाळच्या वरातीला जावयाचे होते.

सलिमाने गोधडी सोडली. तो उभा राहिला. केवढा उंच, आणि केवढा पोकळ! त्याला तारा किती, तर चार. माझ्या कळा मोजा, मग बोला. आणि त्या चार तारांतून तो म्हणतो तरी काय? एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. त्याला साधे एक वाक्य येत नाही. पूर्णविराम तर मुळीच येत नाही.

"मेजावर जागा कर," आण्णा म्हणाले, "भोपळा जमिनीवर नको."

सलिमाने मला दोन्ही हातांनी उचलून कडेला सरकवले. मग माझे आवरण घेतले, त्याची चार पदरी घडी केली आणि ती त्याच्या भोपळ्याखाली घातली. माझे आवरण! त्यानंतर तिने तारा छेडल्या आणि डोळे मिटले. माझ्यापुढे सात महिने बसली, पण तिने डोळे कधी मिटले नव्हते.

त्या दिवशी मला कळले की मी तिचे वाद्य नव्हते. चिमणाबाईंकडे ठेका धरायला तबलजी नव्हता म्हणून ती माझ्याकडे ताल घोटीत होती. मी तिची पाटी होते. आणि ज्याच्यासाठी ती पाटी गिरवीत होती, तो माझ्या आवरणावर टेकून गुणगुणत होता.

बारावीचा निकाल लागला. सलिमा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. त्या आठवड्यात माझ्या मेजावर दोन माहितीपत्रके येऊन पडली. एक इथल्याच महाविद्यालयाचे होते; सकाळचे वर्ग, कला शाखेची पदवी, त्यात संगीत हा एक विषय. दुसरे पुण्याच्याही पलीकडच्या एका संगीत महाविद्यालयाचे होते. चार वर्षांची गायनाची पदवी, राहण्यास वसतिगृह. त्या महाविद्यालयाचे नाव मी उच्चारणार नाही. मत्सराने उच्चारत नाही असे समजलात तरी माझी हरकत नाही.

आण्णांनी आपल्या परीने सर्व ठरवून ठेवले होते. सकाळी महाविद्यालय, दुपारी खालच्या अडत्यांच्या पेढीवर मराठी टंकलेखिकेची जागा. अडत्यांना यंत्रही हवे होते. "पाच नंबर तिच्या हाताला बसले आहे," आण्णांनी त्यांना सांगितले होते, "तेच घेऊन जा." म्हणजे ती आणि मी, एकाच खोलीत, दररोज. हे ऐकल्यापासून मी एकही अक्षर धूसर उमटवले नव्हते.

चिमणाबाई धापा टाकीत जिना चढून आल्या. सलिमा आणि निसार त्यांच्यामागे होते. बाई खुर्चीवर बसल्या, पदराने वारा घेतला आणि आण्णांकडे वळल्या.

"काय ओ मास्तर, पोरगीला जन्मभर टकटक करायला लावताय व्हय?"

"टकटक नव्हे, बाई. टंकलेखन. आणि संगीत इथेही आहे. सहा विषयांत एक."

"सहात एक! ताटात लोणचं असतंय तसं? हिला ताटभर पायजे."

"ताटभर गाणे खाऊन पोट भरत नाही."

"मग मी काय उपाशी दिसतोय तुम्हांस्नी?" चिमणाबाई म्हणाल्या. त्या चांगल्या सुदृढ होत्या. आण्णांनी माहितीपत्रकाकडे पाहिले.

निसार भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी हळूच विचारले, "वसतिगृहात म्हंजे एकटीच? आमच्यात अजून कोण असं गेलेलं न्हाय, बाई. चांगलं-वाईट काय झालं तर मी हितं वरातीत फुंकत बसणार."

सगळे सलिमाकडे पाहू लागले. ती माझ्या दांडीवर बोट फिरवीत होती. मी श्वास रोखून धरला, म्हणजे यंत्राला जितका रोखता येतो तितका.

"अब्बा, हितं राहिलो तर टायपिंग बी करीन आन् गाणं बी करीन," ती म्हणाली. "दोन्ही बरं होईल. मला बरं न्हाय करायचं. मला एकच करायचंय, पर चांगलं."

बरं. मी त्या 'बरं'मध्ये होते. माझ्या दांडीवरून तिने बोट उचलले.

निसारांनी दोन्ही माहितीपत्रके एकावर एक नीट ठेवली. मग म्हणाले, "जा मग. पर प्रवेशाच्या परीक्षेला मी संगं येणार."

अर्ज शनिवारपर्यंत रजिस्टर पोस्टाने निघावयास हवा होता. अर्जाचा नमुना माहितीपत्रकात दिलेला होता. तो टंकलिखित करून पाठवावयाचा होता. एक प्रत पाठवावी, दुसरी स्वतःजवळ ठेवावी, हा आण्णांचा शिरस्ता. सलिमाने दोन कागदांमध्ये कार्बन घातला आणि लिहावयास बसली. शेजारच्या बाकावर निसार बसले होते. आण्णा बाहेर गेले होते.

अर्जात एक मोठा रकाना होता: 'संगीताचीच पदवी घेण्याचे कारण.' तिने अकरा ओळी लिहिल्या. त्यांत चिमणाबाई होत्या, क्लॅरनेट होते, तंबोरा तर दोनदा होता. मी प्रत्येक ओळीत स्वतःला शोधले. अखेर खाली 'इतर पात्रता' या रकान्यात सापडले: 'मराठी टंकलेखन, मिनिटास तीस शब्द.' तिचा वेग त्या वेळी चाळीस होता. तिने तोही कमी सांगितला होता.

मग 'घराणे' हा रकाना आला. ती थांबली.

"घराणं म्हंजे आपलं आडनाव टाक की," निसार म्हणाले.

"तसलं घराणं न्हाय, अब्बा. गाण्याचं. कुठल्या पद्धतीचं गाणं शिकलो, कुणाच्या परंपरेतलं, ते. बाईंना इचारलं मी. त्या म्हणाल्या, मी चार गावांत चार गुरूंकडं शिकलो. एकाचं नाव घातलंस तर बाकीचे तिघं वर बसून मला शिव्या देतील. कोरं सोड."

निसार हसले. रकाना कोरा राहिला. तिने दोन्ही प्रतींवर सही केली, कागद माझ्या शेजारी ठेवले आणि आण्णा परत येताच म्हणाली, "आण्णा, तेवढा तपासून पोस्टात टाकशीला? बाईंच्या शिकवणीला उशीर झालाय. जातो मी."

"जाते."

"तेच की. जातो." निसारही तिच्यामागून जिना उतरले.

आण्णांनी चष्मा लावला. पहिले पान, दुसरे पान. आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"घराणे," ते स्वतःशी मोठ्याने म्हणाले. "रिकामे सोडले आहे. निरंक लिहावे?" त्यांनी मान हलवली. "घराणे निरंक कसे असेल? पोरगी काय अनाथ आहे? परीक्षक काय म्हणतील?"

त्यांनी विचार केला. त्यांच्या मॅट्रिकच्या मराठीत घराणे म्हणजे कुळ, आणि कुळ गावात ज्या नावाने ओळखले जाते ते. निसारांचे कुटुंब आजोबांपासून साऱ्या पेठेत एकाच नावाने ओळखले जात होते. त्यात आण्णांना काही कमीपणा वाटत नव्हता. आपण एका होतकरू मुलीची उणीव भरून काढीत आहोत, एवढेच त्यांना वाटत होते.

आता माझा कबुलीजबाब.

सहीसह पूर्ण झालेले दोन कागद, मध्ये कार्बन, असे पुन्हा माझ्या कागद धरणाऱ्या रुळावर बसवून नेमक्या त्याच ओळीवर लिहिणे हे फार कठीण काम. एरवी ओळ अर्ध्या केसाइतकी तरी वर-खाली होतेच. रूळ निसटतो, कार्बन सरकतो. मी नुसता रूळ किंचित सैल सोडला असता, तर आण्णा वैतागले असते, म्हणाले असते की उद्या तीच येऊन लिहील. खोलीत त्या शब्दाचा अर्थ माहीत असलेले एकटे मीच होते.

मी रूळ घट्ट धरला. ओळ केसाइतकीही हलू दिली नाही. प्रत्येक अक्षराचा खिळा स्वच्छ उमटवला. माझ्या आयुष्यात मी इतके सुबक लिहिलेले नाही.

'घराणे: बँडवाले.'

ते गायनाचे विद्वान हे वाचतील, हसतील आणि अर्ज परत धाडतील. ती इथेच राहील. पेढीवर ती आणि मी. तंबोरा बाईंच्या घरी कोपऱ्यात उभा राहील आणि त्याच्या भोपळ्यावर धूळ बसेल. एवढा विचार मी त्या सहा-सात ठोक्यांत केला. यंत्रे हळू विचार करतात असे समजू नका.

आण्णांनी पाकीट चिकटवले, स्वतः पोस्टात नेले आणि येताना खुशीत होते.

पंधरा दिवसांनी चाचणीचे बोलावणे आले. सोबत अर्जाची प्रत आणावी, घराण्याविषयी तोंडी विचारणा होईल, असे त्यात लिहिले होते. सलिमाने वर्गाच्या कपाटातून कार्बनची प्रत काढली. वाचली. आणि तिथेच, माझ्यासमोर, मटकन बसली.

"आण्णा, हे कुणी लिहिलं?"

"मी," आण्णा म्हणाले. "तू रकाना रिकामा सोडला होतास."

"अवो, गाण्याचं घराणं असतंय ते! लोक तिथं मोठ्या मोठ्या उस्तादांची नावं लिहितात. आन् माझ्या अर्जावर बँडवाले! आता आत गेलो की हसतील सगळे. गाणं ऐकायच्या आधी हसतील." तिला रडू फुटले.

आण्णांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी शब्दकोशाच्या कपाटाकडे पाहिले, जणू तो शब्द तिथे जाऊन बदलता येणार होता. मग ते माझ्यासमोर बसले आणि लिहू लागले. 'मा. प्राचार्य यांस, सदर अर्जातील घराणे या रकान्यातील मजकूर उमेदवाराचा नसून माझा आहे. ही चूक सर्वस्वी माझ्या अज्ञानाची असून...' या वर्गात त्यांनी चूक कबूल केल्याचे मी कधी ऐकले नव्हते. पहिली कबुली त्यांनी माझ्याच रुळावर लिहिली, आणि ती चूक माझी होती. ते पत्रही मी स्वच्छ उमटवले. दुसरे करण्याचे धैर्य मला झाले नाही.

निसार केव्हा आले ते कोणाला कळले नाही. त्यांनी प्रत उचलली, सावकाश वाचली.

"मग ह्यात खोटं काय हाय?" ते म्हणाले.

"अब्बा, तिथं गायकी इचारलीय."

"माझ्या आज्ज्यानं फुंकलं, बानं फुंकलं, मी फुंकतोय. आमच्या वाजवण्यावर निम्म्या कोल्हापूरच्या पोरी सासरी गेल्या. त्यांच्या आया रडल्या, ते कशानं? ताशानं?" त्यांनी कागद मेजावर ठेवला, घडी नीट दाबली. "पर तुला लाज वाटत असंल तर खोड. मास्तरांनी चिठ्ठी लिहिलीच हाय."

खाली कोणीतरी गुळाच्या ढेपा उतरवीत होते. सलिमाने नाक पुसले, आण्णांचे पत्र घेतले, त्याची घडी करून पिशवीत ठेवले. वडिलांकडे तिने पाहिले नाही. चाचणीत ते पत्र देणार की नाही, हे तिने सांगितले नाही, आणि मला ते समजण्याचा काही मार्ग नव्हता.

चार दिवस मी दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या हाताखाली चुका करीत राहिले. लाज, भीती आणि आशा अशा तिन्ही गोष्टी एकदम वाटत होत्या. त्यांतली आशा सर्वांत लाजिरवाणी होती.

पाचव्या दिवशी बापलेक परत आले. चिमणाबाईही होत्या. निसारांचा आवाज जिन्यातूनच ऐकू आला.

"मास्तर, तीन जण हुते टेबलावर. एकानं कागद वाचला आन् हसला. म्हणाला, बाई, हे कुठलं घराणं?"

"मग?" आण्णा उभे राहिले. "पत्र दिलेस ना?"

"न्हाय दिलं," सलिमा म्हणाली. "पिशवीत हात घातलेला. अब्बा दाराबाहेर बाकड्यावर बसलेले, दार अर्धं उघडं. मी म्हटलं, बरोबर लिहिलंय. क्लॅरनेट वाजवतात माझे वडील. सूर किती लांब धरायचा ते मी त्यांच्या फुंकीवर शिकलो. बाकीचं चिमणाबाईंनी शिकवलं. मग ते म्हणाले, धरून दाखवा. मी षड्ज लावला."

"किती वेळ?" चिमणाबाईंनी विचारले.

"हसणाऱ्यानं हसणं थांबवून पाणी पिलं, पेला खाली ठेवला, तरी सूर चालू हुता," निसार म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले. "वरातीला फुंकताना श्वास मोडला तर घोडं बिथरतंय, बाई. पोरीनं घोडं बिथरू दिलं न्हाय."

आठ दिवसांनी पत्र आले. आवाज व सूर उत्तम, रागज्ञान अपुरे, एक वर्ष पूर्वतयारीच्या वर्गात बसण्याच्या अटीवर प्रवेश देण्यात येत आहे. चाराची पाच वर्षे झाली होती. आण्णा चिंतेत पडले. निसार म्हणाले, "पाच तर पाच. वरात बी कधी येळेवर पोचत न्हाय. पर पोचती."

अशा रीतीने मी तिला अडवण्यासाठी उमटवलेल्या ओळीवरूनच ती आत गेली. मला कोणी श्रेय दिले नाही, दोषही दिला नाही. दोष आण्णांनी जन्मभर स्वतःकडे ठेवला. पुढे प्रत्येक नव्या मुलाला ते सांगत, "शब्दाचा अर्थ माहीत नसेल तर रकाना रिकामा सोडा. माझ्यासारखा गाढवपणा करू नका." आपला सर्वांत लाडका नियम त्यांनी स्वतःच्या हाताने मोडला. मी ऐकत असे.

ती निघाली त्या दिवशी निरोपाला आली. आण्णांच्या पाया पडली. माझ्याकडे पाहून "पाच नंबर, चालतो हं" म्हणाली. गोधडीत गुंडाळलेला तो तिच्या खांद्याला टेकून उभा होता. रिक्षात त्याला आधी बसवले, मग ती बसली. तेवढे मी खिडकीतून पाहिले.

अडत्यांनी पेढीवर दुसरा कारकून ठेवला, तो स्वतःचे यंत्र घेऊन आला. मी इथेच राहिले. वर्षे गेली. मुलांना इंग्रजी यंत्रे अधिक हवीशी वाटू लागली. माझी रिबिन दोन-दोन वर्षे बदलली जात नसे. आण्णांचे डोळे मंदावले. ते कागद नाकाजवळ नेऊन वाचीत. सलिमाची पत्रे येत, सर्व हाताने लिहिलेली. त्यांत राग असत, परीक्षा असत, जेवणातल्या पातळ आमटीच्या तक्रारी असत. यंत्राचा उल्लेख नसे.

१९८४ च्या उन्हाळ्यात ती स्वतःच जिना चढून आली. अंगाने भरलेली, आवाज खालच्या पट्टीत गेलेला. मुलींच्या एका शाळेत संगीत शिक्षिकेच्या जागेसाठी तिला अर्ज करावयाचा होता. सोबत पदवी प्रमाणपत्राची खरी प्रत जोडावी लागते; म्हणजे मूळ प्रमाणपत्रावरून अक्षरशः टंकलिखित केलेली आणि अधिकाऱ्याने सही-शिक्का केलेली नक्कल.

"मी करते, आण्णा," ती म्हणाली. आता 'करते' म्हणाली. मला वाईट वाटले.

"खरी प्रत उमेदवाराने स्वतः करू नये," आण्णा म्हणाले. "मी करतो."

म्हणजे मलाच. तिची गाण्याची पदवी, एकेक अक्षर, मीच उमटवायची. माझ्या मत्सराला याहून योग्य शिक्षा कोणी सुचवली नसती.

आण्णा प्रमाणपत्र नाकाजवळ नेत आणि एका बोटाने मारीत. 'प्रमाणित करण्यात येते की, कुमारी...' आणि तिचे नाव आले. सलिमा. आमच्यात ऱ्हस्व वेलांटी बोलताना मागून येते, पण मारताना अक्षराच्या आधी मारावी लागते. आण्णांना हे झोपेतही ठाऊक होते. पण डोळे थकले होते. 'स' उमटला आणि त्यांचे बोट वेलांटीला विसरून सरळ 'ल'कडे निघाले. पुढे ते दीर्घ वेलांटी देणार आणि नाव 'सलीमा' होणार. प्रमाणपत्रात एक नाव, प्रतीत दुसरे. साहेब सही नाकारणार, अर्ज परत येणार.

पाच वर्षांपूर्वी मी रूळ घट्ट धरला होता. या वेळी मी 'स'चा खिळा उचलणारी दांडी खाली जाऊच दिली नाही. ती 'ल'च्या वाटेत आडवी धरली. दोन्ही दांड्या कागदाच्या अलीकडे एकमेकींत अडकल्या. इतक्या संथ हाताखाली दांड्या अडकत नाहीत, हे कोणीही जाणकार सांगेल. सांगो.

"हे पाहा, म्हातारे झाले यंत्र," आण्णा पुटपुटले.

"थांबा." सलिमा पुढे वाकली. "आण्णा, वेलांटी राहिली हुती. बरं झालं अडकलं." तिने अंगठा आणि तर्जनी आत घातली आणि दोन्ही दांड्या हलकेच सोडवल्या. पाच वर्षांनी. खिळ्यांवर जुनी, घट्ट शाई साचलेली होती. ती तिच्या तर्जनीला लागली.

प्रत पूर्ण झाली. 'गायन विषयात प्रथम श्रेणीत.' मी तेही उमटवले, काळेभोर. ती घाईत होती. चिमणाबाई आजारी होत्या आणि संध्याकाळी त्यांना काही म्हणून दाखवायचे होते. कागद पिशवीत घालून ती तशीच गेली.

आता मी एका कोपऱ्यात असते. अंगावर आवरण असते. मी पश्चात्ताप केला, पण मत्सर गेला असे लिहिले तर ते असत्य ठरेल. माझी एकच विनंती आहे. त्या संध्याकाळी तिने पहिली तार मधल्या बोटाने आणि पुढच्या तारा त्याच शाईच्या तर्जनीने छेडल्या असणार. आपणांपैकी कोणाला तो तंबोरा कुठे दिसला, तर दुसऱ्या तारेकडे जरा वाकून पाहावे. तिथे काळा ठिपका असेल, तर तो पुसू नये.